वारा, हीव आणि जागलीवरचा स्टो

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजलेले. मी हरभऱ्याच्या वावरात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला उकिडवा बसलेलो आणि समोरच्या स्टोवर अर्ध्या तासापासून चहाचा गंज, म्हणजे पातेलं. गंजातल्या पाण्यात खुशाल बोट बुडवून बसावं, इतपत कोमट. गुडघ्यापर्यंत पँट दवानं आणि हरभऱ्याच्या आंबीनं ओली, डोंगराकडून वारा, आणि स्टोची ज्योत देवापुढच्या निरांजनाएवढीसुद्धा नाही.

पलीकडच्या वावरात काकाजींची मोटर चालू होती, म्हणजे तेही जागेच. बॅटरी हलवत आले.

"काय मिस्त्री, झाला का च्या?"

"पाणीच तापून नाही राहिलं, काकाजी."

त्यांनी वाकून आधी स्टोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग सकाऊनच पिऊ ना बाप्पा. घाई काय हाय!"

त्या रात्रीपासून वर्षभर मी या एका विषयाच्या मागे लागलो आहे. गावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे एखादी वस्तू का चालत नाही हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. बायको म्हणते, एवढ्या वेळात थर्मासमध्ये घरून चहा नेला असता तर बरं झालं असतं. तिचं बरोबरच आहे. पण थर्मासमधला चहा पहिल्या फेरीला संपतो आणि रात्र काही संपत नाही.

ज्यांना जागल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतीची लाईन, म्हणजे वीज, आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याचं ओलीत करायचं म्हणजे दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायचे. मधल्या वेळात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायच्या. लाईन नसली तरी पीक घाट्यांवर आलं की जागल आलीच. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूरच्या बाजूला. आमचा विदर्भ उन्हासाठी बदनाम, त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, "तुमच्याकडे थंडी कुठली?" त्यांनी डिसेंबरात एक रात्र ओल्या वावरात काढावी. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि तो शहरातला. पाणी दिलेल्या उघड्या वावरात हीव त्याहून वरचढ असतं.

"शेकोटी कर ना मग," असं सगळेच म्हणतात. करतोच की. पण माझ्या हरभऱ्याला लागून तूर उभी आहे. डिसेंबर-जानेवारीत तुरीचा पाला वाळायला लागतो. वारा सुटला की शेकोटीतली एक ठिणगी वीस हात जाते. दोन वर्षांपूर्वी एकाच्या कपाशीच्या गंजीला असंच झालं, तेव्हापासून वारा असला की मी काडी ओढत नाही. शिवाय दवानं भिजलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाइप बदलायची वेळ होते. म्हणून स्टो.

तो पहिला स्टो म्हणजे चपटा, सुटकेससारखा, ज्यात लांब नळकांड्यासारखा गॅसचा डबा आडवा बसतो. भाच्यानं पुण्याहून आणून दिलेला. घरी ओट्यावर त्याची आच बघून मी खूश झालो होतो. मोठी निळी आच, कांदेपोहे होतील अशी. वावरात दहा मिनिटांत तिची वात झाली.

दुसऱ्या दिवशी डबा उघडून पाहिला, हलवला. आत गॅस तर होता, जवळजवळ अर्धा डबा. मग आदल्या रात्री मला काय दिसलं होतं ते आठवलं. स्टोतून डबा काढला तेव्हा तो हाताला चिकटेल इतका गार होता. खालच्या निम्म्या भागावर पांढुरकं दव गोठलेलं, वरचा भाग कोरडा. मधली रेघ सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. ती रेघ म्हणजे आतल्या पातळ गॅसची पातळी. एवढी एक गोष्ट नीट पाहिली असती तर तिथंच सगळं कळलं असतं.

डब्यात गॅस पातळ असतो. त्याची वाफ होते, ती वाफ जळते. आणि वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःच्या अंगातून आणि डब्याच्या पत्र्यातून ओढतो. माठातलं पाणी गार होतं ना, तसंच. म्हणजे स्टो जेवढा जोरात जाळाल तेवढा डबा गार पडतो. आता या लांब डब्यांत बहुतेक करून ब्युटेन असतो, आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली गेला की तो डब्यात पाण्यासारखा स्वस्थ बसून राहतो, वाफच धरत नाही. वावरात हवा सात-आठ अंशांची, डबा सव्वादोनशे ग्रॅमचा, त्यातली उष्णता ती किती? पाच-सात मिनिटांत डबा शून्याला टेकतो आणि आचेचा जीव जातो. म्हणजे बर्फ पडायची वाट बघायला नको, आपल्या वऱ्हाडातली थंडी ब्युटेनला पुरेशी आहे.

आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून पहाडात जाणारे लोक जे बुटके, गोल, वरती आटे असलेले डबे वापरतात, त्यांत आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. डबा घेताना किंमत नंतर बघा, आधी पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 'ब्युटेन' असेल तर तो उन्हाळ्यात सहलीला न्यायचा डबा. मिश्रणातही एक मेख आहे: सरळ उभ्या डब्यातून प्रोपेन आधी उडून जातो, मग शेवटच्या तिसऱ्या हिश्शात डबा रडायला लागतो. तुम्हाला वाटतं संपला. संपलेला नसतो.

हे सगळं कळलं, पण जानेवारीत नवीन स्टोसाठी पैसे नव्हते. तेव्हा जी युक्ती सापडली ती सांगतो, फुकटची आहे. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पहाटे मोटर चालू केली की पाइपातून वाफा निघतात. आंघोळीला लोक थेट मोटरवर येतात. तर मी त्या चपट्या स्टोचा नाद सोडला, भाच्याकडचा आट्यांचा लहान बर्नर आणला, लांब डब्याला बसवायचं अडॅप्टर घेतलं आणि डबा उभा करून एका पसरट टोपल्यात ठेवला. स्प्रिंकलरच्या एका जोडातून पाणी गळत होतंच, त्याची धार टोपल्यात सोडली. चार बोटं पाणी. डब्याच्या बुडाला ते कोमट पाणी लागलं आणि बघता बघता, म्हणजे मिनिटभरात, बसलेली आच फुरफुरत वर आली. पाणी गार पडलं की ओतायचं, नवीन घ्यायचं. वर जळतंय आणि खाली पाण्यात उभं आहे, हे दृश्य पाहून काकाजी एवढंच म्हणाले, "गॅसले आंघोळ घालून रायला का बे?"

पाणी कोमटच हवं. उकळतं पाणी डब्यावर ओतायचं नाही, आणि डबा शेकोटीजवळ तर मुळीच ठेवायचा नाही. डब्यावर लिहिलेलंच असतं, पन्नास अंशांच्या वर नेऊ नका. माझा नियम साधा आहे: डबा हातात धरवत नसेल तर तो जास्त तापलाय.

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. मग एके रात्री वारा सुटला आणि टोपलं, पाणी, डबा सगळं असून चहा पुन्हा कोमटच. आच नीट होती, भर्र आवाज करत होती, पण गंजाला लागतच नव्हती. सगळी एका बाजूला झोपलेली.

इथं मी दुकानदाराच्या हट्टाला पेटलो. वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार तोलायला इलेक्ट्रॉनिक काटा असतो, ग्रॅमपर्यंत दाखवतो. थंडी आणि वारा या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या म्हणून मी दुपारी चारला, ऊन असताना, मोजणी केली. एक लिटर विहिरीचं पाणी, झाकण घालून, तोच बर्नर, तोच गंज. दुकानात दार लोटून: सहा मिनिटं आणि १४ ग्रॅम गॅस. मग धुऱ्यावर, उघड्या वाऱ्यात: सोळा मिनिटं झाली, ४० ग्रॅम गॅस गेला, आणि पाण्याला अजून बारीक बुडबुडेच. मी कंटाळून बंद केला. मग तिथंच तीन बाजूंनी पत्रा लावून: सात मिनिटं, १७ ग्रॅम. प्रयोगशाळेत मोजलेलं नाही हे. वारा कमीजास्त होत होता आणि माझा मुलगा मध्येच झाकण उघडून बघत होता. पण १४ आणि ४० मधला फरक झाकण उघडल्याचा नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे की लोक स्टो घेताना बर्नर किती मोठा, आच किती दणदणीत, हे बघतात ते उलटं आहे. वाऱ्यात मोठी पसरट आच आधी उडते. दोन गोष्टी बघा: आच आणि भांड्याचं बूड यांत अंतर किती, आणि गॅसचा डबा आचेच्या खाली आहे की लांब. पहिल्यावरून वाऱ्यात काय उरेल ते कळतं. दुसऱ्यावरून कळतं की तुम्हाला आडोसा लावता येईल का.

या दुसऱ्या गोष्टीचा धडा मला फुकट मिळाला नाही. पत्र्याचा एवढा गुण आला म्हणून मी उत्साहात एके संध्याकाळी आट्यांच्या बर्नरला, जो थेट डब्यावरच बसतो, चारही बाजूंनी गोल पत्रा लावला. वाऱ्याचं नाव नाही, आच सरळ उभी, मी आपला खूश. भाचा सुट्टीत आला होता, तो शेजारी बसलेला. चार-पाच मिनिटांनी त्यानं सहज पत्र्याच्या आत हात घातला आणि झटक्यात ओढला. "मामा, बंद करा. आधी बंद करा." चावी पत्र्याच्या आत. ती फिरवायला मला सांडशी घ्यावी लागली. पत्रा लाथेनं उडवला आणि दोघंही तुरीच्या ओळीत जाऊन बसलो, डबा गार होईपर्यंत. आच वरून गंजाला लागते, गंजाची धग पत्र्यामुळे बाहेर जात नाही, ती खाली डब्यावर येते. मी चुलीला आडोसा करत नव्हतो, डब्याची भट्टी करत होतो. काही झालं नाही. पण त्या दिवशी घरी कोणाला सांगितलंही नाही. आता लिहितोय तर बायको वाचेल.

डब्यावर बसणारा बर्नर असेल तर वाऱ्याच्या बाजूनं तेवढा आडोसा करा, निम्मी बाजू उघडी ठेवा, आणि मधूनमधून डब्याला हात लावून बघा. यापेक्षा जास्त नाही.

मधल्या काळात मी आजीचा पितळी स्टोही माळ्यावरून काढला. रॉकेलचा, पंपाचा. चाळीशीच्या पुढच्यांना तो आवाज अजून कानात असेल. पंपाचं चामड्याचं वॉशर वाळून पापडासारखं झालेलं, ते दोन दिवस गोडेतेलात भिजत घातलं. पिन मारून छिद्र मोकळं केलं. काकडा रॉकेलमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला लावला, तो जळून बर्नर तापला, मग पंप मारला. पहिल्यांदा पिवळा भडका आणि काजळी, कारण मला घाई झाली होती. दुसऱ्यांदा धीर धरला आणि निळी आच जी लागली, ती वावरातल्या वाऱ्यातही पुरती झोपली नाही. थंडीचं तर त्याला काहीच नाही. तिथं दाब हवामान देत नाही, आपला दंड देतो, आणि रॉकेलची वाफ तापलेल्या नळीत होते. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडनच्या माणसानं १८९२ मध्ये असा बिनवातीचा स्टो काढला, त्याच्या प्रायमस नावाच्या स्टोवर नॉर्वेचा अमुंडसेन १९११ ला दक्षिण ध्रुवावर जेवला आणि १९५३ ला एव्हरेस्टवरही तेच स्टो होते. आजीच्या ओट्यावरचं ते पितळी भांडं एवढ्या मोठ्या घराण्यातलं आहे हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

आई मात्र तो पेटवताना दारातच उभी राहिली, आत आली नाही. 'स्टोचा भडका' या दोन शब्दांमागे काय काय असायचं, ते तिच्या पिढीच्या बायकांना ठाऊक आहे. मी तो परत गुंडाळून वर ठेवला. एक तर रेशनचं रॉकेल गावात येणं कधीचंच बंद झालंय, आणि दुसरं, "पेट्रोल टाकून पाहा ना" असं सांगणारे लगेच भेटतात. रॉकेलच्या स्टोत पेट्रोल म्हणजे टाकीवर बसलेला बॉम्ब. ज्यांना उणे वीस अंशांत राहायचंय त्यांच्यासाठी पेट्रोल-रॉकेल दोन्हीवर चालणारे बाटलीचे स्टो मिळतात, त्यांची छिद्रंच वेगवेगळी बदलायची असतात. ते आपल्या कामाचे नाहीत, महागही आहेत.

स्पिरिटचा डबी-स्टो एकदा करून पाहिला, थंडीत काडीवर काडी गेली. पंधरा अंशांच्या खाली स्पिरिटची वाफ पेटण्याइतकी सुटतच नाही, डबी आधी हातात धरून गरम करावी लागते. आणि दिवसा तिची ज्योत दिसत नाही, यानं एकदा भुवई गेली की माणूस शहाणा होतो. हेक्झामाइन या घट्ट इंधनाच्या पांढऱ्या वड्या, ज्या फौजेत वापरतात, त्या हलक्या आणि भरवशाच्या, पण गंजाच्या बुडाला डांबरासारखं काळं धरतं आणि चहाला वास. बायकोनं तो गंज घरात घ्यायला नकार दिला, विषय संपला.

शेवटी मी काय घेतलं? तीन पायांचा, जमिनीलगत बसणारा बर्नर, ज्याचा डबा लवचिक नळीनं हातभर लांब राहतो. त्यात बघायची गोष्ट एकच: नळीतून आलेला गॅस बर्नरच्या तोंडाशी पितळेच्या एका वाकलेल्या नळीतून, आचेतून फिरून जातो का. ती नळी असेल तर कडाक्याच्या थंडीत डबा उलटा करता येतो. उलटा केला की वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत उतरतो, आणि त्याची वाफ आचेजवळच्या तापलेल्या नळीत होते. म्हणजे आजीच्या स्टोचीच अक्कल, पंप तेवढा नाही. डबा गार पडायचा प्रश्न बराच मिटतो, आणि प्रोपेन आधी उडून जायचाही, कारण मिश्रण जसंच्या तसं बाहेर येतं. पेटवताना मात्र डबा सरळ, मिनिटभर नळी तापू द्यायची, मग हळूच उलटा करायचा. घाई केली तर हातभर पिवळा लोळ. आणि ती पितळी नळी नसलेल्या बर्नरला हा प्रयोग चुकूनही नको.

डबा लांब असल्यामुळे आता आचेभोवती पत्रा गोल लावता येतो. मी तेलाच्या पंधरा किलोच्या पिप्याचा पत्रा कापला, कडा दुमडल्या, खाली बोटभर फटी ठेवल्या, कारण आचेला श्वास घ्यायला हवा. उंची गंजाच्या निम्म्यापर्यंत. घडी करून पिशवीत जातो. दुकानात चकचकीत ॲल्युमिनियमचे मिळतात, पण ते आमच्या वाऱ्यात उडतात. पिप्याचा पत्रा जड आहे.

आता एक प्रामाणिक गोष्ट. तुम्हाला फक्त जागलीसाठी स्टो हवा असेल, वावरात खोपडी असेल आणि सामान ट्रॅक्टरनं किंवा बंडीनं जात असेल, तर यातलं काहीही घेऊ नका. पाच किलोचा लहान सिलिंडर, वर बर्नर आणि पिप्याचा पत्रा एका बाजूनं, बस. पाच किलो गॅस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या बावीस डब्यांएवढं अंग, ते चहा होईपर्यंत गार पडत नाही. त्यात प्रोपेनही असतो. मी मोटरसायकलवर जातो आणि एका खांद्यावर पाइप असतो, म्हणून माझं गणित वेगळं. आणि घरच्या सिलिंडरमधून लहान डबे भरून देणारे बाजारात बसलेले असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते डबे एकदा वापरून टाकायचे असतात, त्यांची चावी पुन्हा पुन्हा भरण्यासाठी केलेली नसते.

खोपडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हीव लागतं म्हणून दाराला बारदाना लावून आत स्टो पेटवून झोपायचं नाही. कोंडलेल्या जागेत स्टो जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो; त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. तंबूतही तेच. चहा दारात करायचा आणि आत नेऊन प्यायचा.

नवीन स्टोची परीक्षा मी चिखलदऱ्याला घेतली. परतवाड्याहून घाट चढून गेलं की अकराशे मीटर उंची, आमच्या विदर्भातलं हीव बघायचं ते तिथंच. ओळखीच्या एका घरच्या अंगणात तंबू लावला, रानात नाही. मेळघाटाच्या जंगलात आग पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि वाघाच्या घरात चहाचा हट्ट कशाला. रात्री मोबाइल सहा अंश दाखवत होता आणि दरीतून वारा असा की तंबूचं कापड ढोलकीसारखं वाजत होतं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं इथला गाविलगड घेतला, म्हणजे नेमके हेच दिवस. तोफा चढवणाऱ्या त्या माणसांनी याच गारठ्यात काय प्यायलं असेल, हा विचार करत मी डबा उलटा केला. पत्रा भोवती गोल, आच जागेवर. नळाचं पाणी गार होतं, तरी लिटरभर पाण्याला आठ मिनिटं लागली. तिथं पाणी शंभराऐवजी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, चहाला त्याचं काही वाटत नाही.

डाळीला वाटतं. भाचा तोच स्टो घेऊन उत्तराखंडात केदारकांठ्याला गेला, तो ३,८०० मीटर. मी कौतुकानं आपल्या वावरातली तूरडाळ बांधून दिली. साडेतीन हजार मीटरच्या आसपासच्या मुक्कामावर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. दीड तासानं डाळ तशीच, दाताखाली कडक. "मामा, तुमची डाळ परत आणू का?" म्हणून फोन. अशा ठिकाणी लहान कुकर न्या, नाहीतर डाळ नेऊच नका. गॅसचे डबे मात्र त्यानं देहरादूनला घेतले. रेल्वेत नेता येत नाहीत, १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि विमानात तर प्रश्नच नाही. रात्री डबा पांघरुणात घेऊन झोपायचा, हे त्याला मी सांगितलं होतं. तिथं मोटरचं पाणी कुठून आणणार.

यंदाही रात्रीची लाईन आहे. परवा काकाजी आले तेव्हा चहा तयार होता, खरोखर कढत, फुंकून प्यावा लागला. त्यांनी पत्र्याच्या आत डोकावून पाहिलं, नळी पाहिली, उलटा डबा पाहिला. कप संपवला. मग कोटाच्या खिशातून एक चांगलं मोठं वांगं काढलं.

"याच्यावर भाजून देते का भरताले?"

नाही देत. आच लहान आहे, आणि वांग्याचं पाणी पितळी नळीवर गळलं तर सगळं साफ करत बसावं लागेल. मी तसं सांगितलं. काकाजींनी वांगं परत खिशात ठेवलं. वारा पडलेला होता. ते धुऱ्यावरून तुराट्या गोळा करायला गेले आणि मी त्यांच्यामागून माचीस घेऊन.